येतो न म्हणता गेलेले

आमच्या घरी निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. कोंकणीतलं ‘वतां’ तोंडून निसटलं तर आई उंबऱ्यातच अडवते, बॅग खाली ठेवायला लावते आणि ‘येतां’ म्हटल्यावरच वाट सोडते. फोंडा तालुक्यातलं गाव सोडून पुण्याला नोकरीला आलो त्याला आता ३१ वर्षं झाली. चतुर्थीला, शिगम्याला, देवळाच्या जत्रेला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाराव्याला गेलो, आणि त्या पायरीवरून ‘येतां’ म्हणून उतरलो. दरवेळी परत आलोही. त्यामुळे या शब्दाचा वेगळा विचार करायची वेळच आली नाही. गेलेला पाऊस येतो, गेलेली चतुर्थी येते, गेलेलं माणूस येतं.

आकाशाची ओळख झाली तीही अशीच. मी आठवीत असताना, १९८६ साली, हॅलेचा धूमकेतू आला. सरांनी पहाटे आम्हाला शाळेच्या पटांगणावर उभं करून तो दाखवला. दिसला अगदी फिकट, पण सरांचं बोलणं लक्षात राहिलं. हा आता २०६१ मध्ये येईल, तेव्हा तुमच्यातला जो असेल त्याने माझी आठवण काढून बघावं, असं ते म्हणाले होते. मला ते फार आवडलं. एवढा लांब जाऊनही तो ‘येतो’ म्हणून जातोय, आणि येणार कधी तेही सांगून जातोय.

या समजाला पहिला धक्का बसला २०१७ मध्ये. हवाईतल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर पॅन-स्टार्स ही दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबरला तिने टिपलेल्या चित्रांत रॉबर्ट वेरिक या खगोलशास्त्रज्ञाला एक धावता ठिपका सापडला. त्याची वाट मांडायला घेतली तर ती मिटेना. कक्षा किती लांबट आहे हे सांगणारा एक आकडा असतो. शून्य म्हणजे पुरता गोल. शून्य ते एकच्या मध्ये कुठेही असला तरी लंबवर्तुळ, म्हणजे कितीही ताणलेलं असो, शेवटी बंद. हॅलेचा आकडा ०.९६७ आहे. एकाच्या इतक्या जवळ जाऊनही तो अलीकडेच राहतो, म्हणून ७६ वर्षांनी का होईना, परततो. या ठिपक्याचा आकडा १.२ निघाला. वाट उघडी होती. हा सूर्याच्या घरातला नव्हताच, बाहेरून आला होता आणि बाहेर चालला होता.

सापडला तेव्हा सूर्याला वळसा घालून त्याला ४० दिवस होऊन गेले होते. आपण पाहिली ती त्याची पाठ. नाव ठेवलं ओमुआमुआ. हवाईच्या भाषेत याचा अर्थ साधारण ‘दुरून सर्वांत आधी आलेला दूत’. तो आला अभिजित ताऱ्याच्या दिशेने. पण अभिजितकडून निघालेल्याला त्या वेगाने इथे पोचायला सुमारे ३ लाख वर्षं लागतील, आणि ३ लाख वर्षांपूर्वी अभिजित त्या जागी नव्हताच. तारेही चालतात. म्हणजे ज्या दारातून तो बाहेर पडला ते दारही आता हललंय. अखेरचा तो दिसला २ जानेवारी २०१८ ला, हबल दुर्बिणीला. जेमतेम अडीच महिन्यांची ओळख. तीही कशी, तर सर्वांत मोठ्या दुर्बिणीतही तो नुसता एक बिंदू, सात-आठ तासांच्या फेऱ्यात उजळणारा आणि मावळणारा. शेपटी नाही, धूळ नाही, आणि तरीही जाताना गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा त्याला किंचित जास्त ढकल मिळत होती. त्यावरून तो परग्रहावरच्यांचं यान असल्याची आवई उठली आणि महिनोन्‌महिने टीव्हीवर दुसरं काही चाललं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्या कुठल्या तरी सूर्याच्या अंगणातला दगड आपल्या अंगणातून गेला, यापेक्षा मोठी बातमी कुणाला कशाला हवी होती?

त्या दिवसांत एक जुनी गोष्ट वाचनात आली आणि ती मनातून हललीच नाही. १९८० साली एडवर्ड बोवेल यांनी एक धूमकेतू शोधला होता. तो आपलाच, सूर्याच्या घरातला. येता येता त्या डिसेंबरात तो गुरूच्या जवळून गेला, आणि गुरूने त्याला असा काही हिसका दिला की त्याचा आकडा एकच्या वर गेला. तो आता कधीच येणार नाही. सूर्यमाला घडत होती तेव्हा तर गुरूने आणि त्याच्या भावंडांनी असे असंख्य गोळे बाहेर भिरकावले. घरात राहिले त्यांच्याहून गेलेले जास्त. आज तेही कुठल्या तरी ताऱ्याच्या अंगणात पाहुणे म्हणून शिरत असतील. ओमुआमुआ आपल्याकडे ‘आलेला’ होता, पण ज्याच्या घरचा होता त्याच्या लेखी तो गेलेला.

मग प्रश्न पडतो, हे सगळे गेलेले असतात कुठे?

दोन ताऱ्यांच्या मधे. आणि मधे काय आहे, तर काही नाही, असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

आमच्या जुन्या घराच्या छपरात माजघरावर एक काचेचं कौल आहे. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून कवडसा खाली येतो आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर (आता तिथे फरशी आहे) ताटाएवढा गोल पडतो. आई केर काढायला लागली की त्या तिरप्या उजेडात धुळीचे कण उठायचे, तरंगायचे, खाली न बसता नुसते फिरत राहायचे. कवडशाच्या बाहेर माजघर तसंच रिकामं, काळोखं. धूळ तिथेही होती, पण तिथे ती दाखवायला उजेड नव्हता. दुर्बिणीतून काढलेला कृत्तिकांचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला थेट आमचं माजघर आठवलं. त्या ताऱ्यांभोवती जो निळसर धूसर पदर दिसतो ती धूळ आहे, आणि गंमत अशी की ती त्यांची स्वतःची नव्हे. कृत्तिका आपल्या वाटेने जाता जाता एका परक्या ढगात शिरल्या आहेत, आणि त्यांचा उजेड पडला म्हणून तो ढग आपल्याला दिसतो.

पण ज्यावर उजेड पडत नाही असं काही मधे आहे, हे मुळात कळलं कसं? ही गोष्ट मला इतकी आवडते की ती मी भेटेल त्याला सांगतो.

मृग नक्षत्र सगळ्यांना माहीत असतं. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे तो मारणारा व्याध. थंडीच्या सुरुवातीला संध्याकाळ उलटल्यावर मृग पूर्वेला उगवतो तेव्हा बाणाचे ते तीन तारे जवळजवळ उभ्या ओळीत असतात. त्यांतला सर्वांत वरचा, सर्वांत आधी उगवणारा, तो मिंटाका. नुसत्या डोळ्यांना एक दिसतो, पण तिथे जोडी आहे. दोन तारे एकमेकांभोवती ५.७ दिवसांत एक फेरी घालतात. जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या वेधशाळेत योहानेस हार्टमान हे या जोडीचा वर्णपट, म्हणजे तिचा उजेड रंगारंगांत फोडून मिळालेला पट्टा, तपासत होते. तारा आपल्याकडे येत असला की वर्णपटातल्या काळ्या रेघा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. जोडी फिरतेय तेव्हा रेघांनी पुढे-मागे डोलायला हवं, आणि त्या डोलतही होत्या. एक सोडून. कॅल्शियमची एक बारीक, रेखीव रेघ जागची हलत नव्हती.

मी त्या माणसाच्या जागी स्वतःला बसवून पाहतो. रात्रीमागून रात्री फोटोच्या काचेच्या पट्ट्या धुवायच्या, सुकवायच्या, भिंगाखाली मोजायच्या. सगळं डोलतंय आणि एकच रेघ स्थिर. पट्टीत दोष असेल, मोजण्यात चूक असेल, असं म्हणून सोडून देणं किती सोपं होतं! हार्टमान यांनी १९०४ मध्ये लिहून टाकलं की हे कॅल्शियम ताऱ्याचं नाही. तारा आणि आपण यांच्या मधे कुठेतरी एक ढग आहे, ही रेघ त्याची. ताऱ्यांमधल्या जागेत पदार्थ आहे याचा तो पहिला खरा पुरावा. ज्या बाणाकडे बोट करून आजीने मला मृग दाखवला, त्याच बाणाच्या टोकाशी मधल्या जागेने पहिल्यांदा आपली ओळख दिली.

आता तिच्याबद्दल बरंच माहीत आहे. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे सरासरी एका घनसेंटिमीटरमध्ये एखादा अणू असतो. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. मी एकदा कागदावर हिशेब केला. इथून १,००० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यापर्यंत एक सेंटिमीटर जाडीची सळई कल्पिली आणि तिच्यातला सगळा वायू दाबून आपल्या हवेइतका दाट केला, तर लांबी भरते जेमतेम हातभर. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून हात पुढे केला की तेवढं अंतर. हजार वर्षं चालत आलेला उजेड वाटेत इतक्याच हवेतून गेलेला असतो.

या वायूत बहुतेक सारा हायड्रोजन, उरलेला बराचसा हेलियम. वजनाने शंभरात एक भाग धूळ, आणि तिचे कण धुराच्या कणांएवढे बारीक. १०० मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली कल्पिली तर तिच्यात असा एखादाच कण सापडेल. एवढ्या विरळ धुळीने काय होणार असं वाटतं, पण अंतर इतकं मोठं आहे की तीही आड येते. संध्याकाळी परसात आई पातेरा जाळते तेव्हा त्या धुरातून मावळतीचा सूर्य तांब्याच्या तबकासारखा दिसतो. निळा उजेड धुरात विखुरला जातो, तांबडा तेवढा पार होतो. लांबचे तारे आपल्याला असेच धुरामागून दिसतात, असतात त्याहून तांबडे आणि मंद. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांची अंतरं पडताळून हे सिद्ध केलं, तोवर आकाशगंगेचं आपलं मोजमाप चुकतच होतं. आकाशगंगेच्या पट्ट्यात काळी विवरं दिसतात, ती विवरं नाहीतच, तिथे धूर दाट आहे.

धुराच्या पलीकडचं ऐकायचं तर रेडिओ लागतो. पुण्यात राहिल्याचा मला एक मोठा फायदा झाला, खोडद जवळ आहे. नारायणगावहून टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांतून आत गेलं की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. एकेक ४५ मीटर रुंद, आणि अशा ३०. गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम. विज्ञान दिनाला ते लोकांसाठी खुलं असतं, मी चार-पाच वेळा गेलोय. पहिल्यांदा तबकडीच्या खाली उभा राहिलो आणि वर पाहिलं तर तिच्यातून आकाश दिसत होतं. पत्रा नाहीच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी, जिच्या भोकातून बोट जाईल. वारा सरळ आरपार जातो. म्हणूनच ती इतकी हलकी आणि स्वस्त झाली. ज्या लहरी पकडायच्या त्या जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे सपाट आरसाच.

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन कधीतरी आपली गिरकी उलटी करतो आणि तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची एक लहर सुटते. एका अणूच्या वाट्याला हे साधारण १ कोटी वर्षांतून एकदा येतं. तरी मधल्या जागेत अणू इतके आहेत की कुणी ना कुणी सतत उलटत असतो आणि सगळं आकाश त्या एका सुरात गुंजत असतं. हेंद्रिक व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, युद्धात होरपळणाऱ्या हॉलंडमध्ये बसून, हा सूर ऐकू येईल असं भाकीत केलं. १९५१ मध्ये हार्वर्डच्या एका खिडकीबाहेर लाकडी कर्णा बसवून इवेन आणि परसेल यांनी तो ऐकला. पाऊस आला की त्या कर्ण्यातून पाणी खोलीत यायचं म्हणतात.

आणि ही मधली जागा आपल्या घरातही शिरते. सूर्य आज एका विरळ ढगातून चाललाय, सेकंदाला सुमारे २६ किलोमीटरने. त्यामुळे त्या ढगाचा वारा सूर्यमालेत सतत वाहतो. त्यातला हेलियम पृथ्वीपर्यंत पोचतो, कारण विद्युतभार नसल्याने त्याला वाटेत फारसं कुणी अडवत नाही. सूर्याच्या पाठीमागे, त्याच्याच गुरुत्वाकर्षणाने, या हेलियमची एक दाट शेपूट तयार होते आणि दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला पृथ्वी तिच्यातून जाते. त्या दिवसांत मध्यरात्री रोहिणी आणि मृग डोक्यावर असतात. त्यांच्याकडे पाहत उभं राहिलं की हा वारा पायांखालून, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाने येतो आणि वर त्या दोघांच्या मधल्या दिशेने निघून जातो. अंगाला लागत नाही, पण आता डिसेंबर आला की मी गच्चीत जाऊन उभा राहतो.

सूर्यातून सतत सुटणारा सौरवारा या बाहेरच्या वाऱ्याला रेटून सूर्यमालेभोवती एक फुगा राखून आहे. मी त्याला वेस म्हणतो. आमच्या गावच्या शिवेवर राखणदार आहे, रात्री गावात वाईट काही शिरू देत नाही अशी श्रद्धा. ही वेसही बाहेरून येणाऱ्या विश्वकिरणांतले बरेचसे अडवते. २५ ऑगस्ट २०१२ रोजी, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२१ पट लांब, व्हॉयेजर-१ हे यान ही वेस ओलांडून गेलं. माणसाने केलेली वस्तू पहिल्यांदा ताऱ्यांच्या मधल्या जागेत पोचली.

ते कळलं कसं, त्यातही एक गंमत आहे. बाहेरचा वायू मोजायचं यानावरचं मुख्य उपकरण १९८० मध्येच बंद पडलं होतं. पण १९७७ मध्ये बसवलेल्या दोन लांब अँटेना चालू होत्या. सूर्यावर झालेल्या एका उद्रेकाची लाट वर्षभराने, एप्रिल २०१३ मध्ये, तिथवर पोचली आणि तिने भोवतीचा वायू झंकारला. तो कोणत्या पट्टीत झंकारतो यावरून दाटी काढता येते, कारण दाट वायूची पट्टी चढी असते. डॉन गर्नेट यांच्या गटाने हिशेब केला तर दाटी आतल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाली. आत कमी, बाहेर जास्त! आपण ज्याला रिकामं समजत होतो तिथे घरापेक्षा गर्दी होती. पुढे २०२१ मध्ये स्टेला ऑकर या तरुण संशोधिकेने त्याच नोंदींमधून आणखी बारीक काही वेचलं. लाट नसतानाही तिथे एक मंद, अखंड गुंजन चालूच असतं, सुमारे ३ किलोहर्ट्झवर. तो आवाज नव्हे, विजेची थरथर आहे, पण स्पीकरला जोडली तर आपल्या कानाच्या टप्प्यात येते. गाणारं कुणी नाही आणि तंबोरा मात्र लागलेला.

गाणारं कुणी नाही, हे तरी खरं कुठे आहे? व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यात साडेतीन मिनिटं सूरश्री केसरबाई केरकर आहेत. केसरबाई आमच्या फोंड्याच्या, केरी गावच्या, जन्म १८९२ चा. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, जयपूर-अत्रौली घराण्याचा तो भरीव, न डगमगणारा आकार. त्या काळात देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या मुलीला गाणं मिळवायला काय काय सोसावं लागलं असेल, ते आमच्या भागातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे. तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठी आहे. कोंकणी नाही, पण कोंकणी घरातला हा गळा आहे.

तबकडीवर त्या गातात भैरवी. बोल आहेत ‘जात कहाँ हो’. कुठे निघालात? रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने हे ध्वनिमुद्रण सुचवलं, तेव्हा बोलांचा हा योग त्याच्या मनात होता का, कोण जाणे. मी मात्र तो विसरू शकत नाही. जे यान कधीच परत येणार नाही त्याच्या पोटात बसून एक बाई विचारतेय, कुठे निघालात. आणि भैरवी! आपल्याकडे भैरवी झाली की मैफल संपते, तिच्यानंतर कुणी गात नाही. तबकडीवर मात्र तिच्यानंतर आणखी दोघे येतात. ब्लाइंड विली जॉन्सन हा अमेरिकेतला आंधळा गायक नुसत्या हुंकारावर गातो, आणि शेवटी बीथोव्हेनच्या तारवाद्यांची एक रचना. मी तिन्ही ओळीने ऐकलीत, पुष्कळदा. भैरवीनंतर ऐकायला मन आधी तयार होत नाही. मग विली जॉन्सनचा हुंकार सुरू होतो आणि वाटतं की इथे आपला नियम सोडायला हरकत नाही.

व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. मधे अकरा दिवस.

आता ते यान ताशी सुमारे ६१,००० किलोमीटरने चाललंय. त्याचा संदेश पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. वीज कमी पडत चाललीय म्हणून एकेक उपकरण बंद करत आणलंय. काही वर्षांत ते मुकं होईल, पण थांबणार नाही. सुमारे ४०,००० वर्षांनी ग्लीज ४४५ नावाच्या एका तांबड्या ताऱ्यापासून दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून जाईल. त्या ताऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे यान बाहेरून आलेला एक पाहुणा असेल.

ओमुआमुआनंतर दुसरा असा पाहुणा २०१९ मध्ये सापडला. क्रिमियातल्या गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून तो पाहिला. सरळसरळ धूमकेतूच होता, शेपटीसकट. तिसरा १ जुलै २०२५ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला दिसला. त्याचं नाव ३आय/अ‍ॅटलास, कक्षेचा आकडा सहाच्या वर, वेग असा की सूर्यालाही त्याची वाट फारशी वाकवता आली नाही. जेम्स वेब दुर्बिणीने पाहिलं तर त्याच्या भोवतीच्या वाफेत पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड कित्येक पटींनी जास्त. काही अभ्यासकांच्या अंदाजाने तो आपल्या सूर्याहूनही जुना असावा. म्हणजे सूर्य, पृथ्वी, आमचं गाव, यांतलं काहीच नव्हतं तेव्हा तो घरातून निघालेला असू शकतो.

हा मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. मित्राची आठ इंची दुर्बीण मागून घेतली, गाडीच्या मागच्या सीटवर रजईत गुंडाळून ठेवली आणि कार्तिकातल्या अमावस्येनंतरच्या शनिवारी गाव गाठलं. पहाटे साडेतीनला मागच्या खळ्यात दुर्बीण मांडली. दव इतकं की नकाशाचा कागद हातात लगदा झाला. पूर्वेला माडांच्या आड चित्रा अजून उगवायची होती, तिच्याही बऱ्याच वर कन्या राशीत शोधायचं होतं. तासभर काहीच सापडेना. मग एका जागी, जिथे नुसता काळोख असायला हवा होता, तिथे काळोख किंचित पुसल्यासारखा वाटला. सरळ पाहिलं की नाहीसा, नजर तिरकी केली की हजर. पाऊण तासाने पुन्हा पाहिलं तर शेजारच्या ताऱ्यापासून तो थोडा सरकला होता. मग शंका उरली नाही. पाय गार पडले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

आई उठून मागच्या दारात आली. तिचं वय ८२, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी म्हटलं, बघ. खुर्ची आणून तिला बसवलं, शाल नीट केली, सरळ बघू नको, थोडं बाजूला बघ असं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘भिंतीला विभूतीचं बोट लागल्यासारखं?’’

‘‘तेच.’’

‘‘केवढ्या लांब आहे?’’

मी म्हटलं तीस कोटी किलोमीटर, साधारण. तिने मान हलवली. पुण्याच्या पुढचे आकडे तिला एकसारखेच. मग तिने नेमकं तेच विचारलं जे ती निघणाऱ्या प्रत्येकाला विचारते.

‘‘परत कधी येणार?’’

‘‘हा नाही येणार, आई.’’

‘‘कधीच?’’

‘‘कधीच.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. पूर्वेला फटफटायला लागलं होतं, अजून दहा-पंधरा मिनिटं मिळाली असती. तिने शाल कानांवरून घेतली आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

‘‘तर मग नीट बघून घेते,’’ म्हणाली, आणि पुन्हा डोळा लावला.

पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीतलं सगळं एका बाजूला सरकत असतं. दर मिनिटाला मी नळी बोटाने हळूच ढकलत होतो, तिच्या डोळ्यासमोरून तो जाऊ नये म्हणून.